पुढचं दार

"...आणि आता मी मंचावर बोलावतो त्या मुलीला, जिनं दीडशे माणसांचे प्राण वाचवले! आपल्या रोह्याची लेक, वरसे गावची लेक..." गणेशनं माईकमध्ये असा काही आवाज टाकला की कर्णा किंचाळला. टाळ्या सुरू झाल्या तरी सुरभी उठली नाही. शेवटी शेजारी बसलेल्या आईनं, हौसाबाईंनी, तिला कोपरानं ढोसलं.

"ऊठ गो. तुलाच बोलावतायत."

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन उरकून शाळेच्या पटांगणातच मंडप घातला होता. सगळी खटपट गणेशची. गावातला होतकरू पुढारी तो, असल्या संधीवर त्याचा डोळाच असायचा. अष्टमीच्या पुलाच्या तोंडाशी आठवडाभर त्याचा फ्लेक्स झळकत होता. मधोमध गणवेशातली सुरभी, भोवती नऊ पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो आणि वर ठळक अक्षरांत, 'विमान अपहरणाचा कट उधळून लावणाऱ्या रणरागिणीचे हार्दिक अभिनंदन!' सुरभीचे वडील हैबतराव भाताची आणि वालाची शेती करणारे. बाजाराचं काम निघाल्याशिवाय ते कधी पूल ओलांडायचे नाहीत. त्या आठवड्यात ते चार वेळा अष्टमीला जाऊन आले. एकदा सुतळी आणायला, एकदा ती सुतळी बदलून आणायला.

"अतिरेकी कॉकपिटच्या दाराला भिडला होता, मंडळी! आत पायलट, बाहेर ही आपली वाघीण!" गणेश सांगत होता. शाल आली, नारळ आला, विमानाच्या आकाराचं सोनेरी प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह आलं. मग माईक तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "ताई, दोन शब्द."

"मी माझं काम केलं," सुरभी म्हणाली आणि माईक परत दिला.

पुन्हा टाळ्या. "किती साधी पोर हाय बघा," बायका आपसात म्हणाल्या. पुढच्या रांगेत हैबतराव टोपीनं डोळे पुसत होते. सुरभी विमानातल्या नोकरीचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेली तेव्हा याच मंडळींनी त्यांना पारावर विचारलं होतं, 'पोरीला हवेत चहा वाटायला धाडतोस काय रे?' आज तीच मंडळी त्यांच्या पाठीवर थाप मारत होती.

रिक्षातून घरी येताना हौसाबाई म्हणाल्या, "तो माणूस पेणकडचाच हाय म्हणं. वडखळच्या अंगाचा. आपल्याच बाजूचा असून असं करतो, आता काय बोलायचं!"

सुरभीनं शाल काढून मांडीवर घेतली. खरं काय झालं होतं ते आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी तोवर तिची समजूत होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं ते विशाखापट्टणमहून मुंबईला येणारं दुपारचं विमान. सुरभीची त्या दिवसातली चौथी फेरी. पहाटे तीनला उठलेली, पायात नवे बूट आणि उजव्या टाचेला भला मोठा फोड. दारात उभी राहून ती चढणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होती, आणि नमस्कार करता करता भार डाव्या पायावर टाकत होती. तेवढ्यात पांढरा सदरा, पायजमा आणि गळ्यात मफलर असा एक म्हातारा पायरीशी थबकला. वय पासष्टीच्या पुढे. चपला काढाव्यात की नाही याचा त्याला विचार पडला होता.

"राहू द्या आजोबा, तशाच या," ती नकळत मराठीत बोलून गेली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "आपली भाशा बोलतंस गो बाय! कुठली तू?"

"रोह्याची. वरसे."

"रोह्याची? मंग तं घरचीच. मी वडखलच्या म्होरला. मिठागरान काम करतो." लेक विशाखापट्टणमला दिली आहे, जावई बंदरात आहे, जाताना जावयाबरोबर आगगाडीनं गेलो, आता लेकीनं हौसेनं विमानाचं तिकीट काढलं, हे सगळं त्यानं तिथंच सांगून टाकलं. मागे रांग खोळंबली. त्याचं नाव हिरामण. चौथ्या रांगेत वाटेकडची जागा त्याला मिळाली होती. सुरभीनं त्याचा पट्टा बांधून दिला तेव्हा त्यानं आवाज उतरवून विचारलं, "बाय, मोरी कंच्या अंगाला? मना सारखं जावं लागतं."

"पुढे, पडद्याच्या पलीकडे," तिनं हातानं दाखवलं.

विमान वर गेलं, चहापाणी झालं. मग कॅप्टनला बाहेर यायचं होतं. कॉकपिटचं दार बंदुकीच्या गोळीनंही फुटत नाही असं असतं. उड्डाणाआधी ते लागतं ते उतरेपर्यंत सहसा उघडत नाही. बाहेरच्या भिंतीवर आकड्यांची लहानशी पाटी असते. त्यावर ठरलेलं बटण दाबलं की आत घंटी वाजते, आतले कॅमेऱ्यात तोंड बघतात आणि मगच खटका सोडतात. त्या वेळी वाटेत खाण्याची गाडी आडवी लावायची, आणि एरवीसुद्धा त्या दारापुढची जागा मिनिटभरही मोकळी सोडायची नाही, हे प्रशिक्षणात सुरभीकडून घोकून घेतलेलं. तिनं गाडी लावली, बटण दाबलं. दार उघडलं, पांढऱ्या शर्टातले कॅप्टन बाहेर आले, शेजारच्या स्वच्छतागृहात जाऊन परत आत गेले. खटका बसला. गाडीवरून मान उंच करून चौथ्या रांगेतला हिरामण हे सगळं बघत होता. त्यानं एवढंच टिपलं की बटण दाबलं की दार उघडतं आणि आत गेलेला माणूस बाहेर येतो.

कॅप्टन आत गेल्यावर सुरभीनं गाडी जागेवर लावली. टाच ठणकत होती. तिची वरिष्ठ पिंकी मागच्या बाजूला होती. तिला फोन करून पुढे बोलवायचं आणि मगच आपण जागा सोडायची, असा नियम. पण गाडी लावताना पिंकी आत्ताच येऊन गेली होती, आणि पुन्हा बोलावलं असतं तर तिनं सगळ्या फेऱ्यांचा राग काढला असता. पाच मिनिटं, सुरभी मनाशी म्हणाली. ती स्वच्छतागृहात शिरली, कडी लावली, झाकणावर बसून उजव्या पायातला बूट काढला आणि ओला कागद फोडावर धरला. इतकं बरं वाटलं की तिनं डोळे मिटले.

कुणीतरी बाहेरून तिचं दार ढकललं. मग पावलं पलीकडे सरकली. मग टिक, टिक, टिक असा आवाज आला. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता, पण क्षणभर तिचा कानांवर विश्वास बसेना. पाठोपाठ तळहातानं दारावर थापा, आणि आवाज, "कोन हाय काय आत? आटपा वो जरा. दम नाय निघत."

गावाकडची ती बोली ऐकून तिला हसूच आलं. हे तिला पुढे कधीच विसरता आलं नाही, की त्या वेळी आपण हसलो होतो.

ती काढलेला बूट पुन्हा चढवायला वाकली तोच बाहेर आरडाओरडा उठला. "अरे, कॉकपिट खोल रहा है! पकडो!"

ती दार उघडून बाहेर आली तेव्हा हिरामण पालथा पडलेला होता. चार जण त्याच्यावर होते. एकाचा गुडघा त्याच्या मानेवर. मागे सीटांवर उभे राहून लोक मोबाईल धरत होते. एक बाई मुलाला छातीशी धरून मोठ्यानं रडत होती. हिरामण काही झटापट करत नव्हता. "नाय, नाय, मना मोरीला जायाचं व्हतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि मग त्याचा पायजमा भिजत गेला. खालच्या गालिच्यावर ओल पसरली. ते बघून एक जण "छी!" म्हणाला, पण मानेवरचा गुडघा हलला नाही.

आतून कॅप्टनचा फोन आला. दार सुरक्षित आहे का, माणूस ताब्यात आहे का. पिंकी मागून धावत आली. सुरभीनं पेटीतला प्लास्टिकचा पट्टा काढला आणि शिकवलं होतं तसे त्याचे दोन्ही हात पाठीशी बांधले. मनगटं मिठानं चिरलेली, खरखरीत होती.

मान वळवून त्यानं तिला ओळखलं. "रोह्याची बाय, तू तरी सांग गो यांना."

सगळं विमान तिच्याकडे बघत होतं.

"शांत रहिए," सुरभी त्याला हिंदीत म्हणाली.

मुंबईत उतरल्यावर पोलीस त्याला तशाच ओल्या पायजम्यात घेऊन गेले. सुरभीला कंपनीच्या कार्यालयात बसवलं. शेजारी पिंकी, समोर अधिकारी बाई, त्यांच्यापुढे संगणक.

"दारापर्यंत तो पोचला कसा?" बाईंनी विचारलं. "पुढची जागा मोकळी होती का? तू कुठे होतीस?"

उत्तर द्यायला सुरभीला फार वेळ लागला नाही. "तिथंच," ती म्हणाली.

"म्हणजे त्यानं तुला ढकललं."

हा प्रश्न नव्हताच. बाईंनाही तेच उत्तर हवं होतं. जागा मोकळी होती असं निघालं असतं तर चौकशी त्यांच्यापर्यंत आली असती.

"हो," सुरभी म्हणाली.

"जोरात?"

"हो."

बाईंनी टाइप केलं, कागद बाहेर आला, सुरभीनं सही केली. सही करताना पिंकी तिच्या पायांकडे बघत होती. बाहेर आली तेव्हा सुरभीच्या एकाच पायात बूट होता, हे तिनं पाहिलं होतं. पण पुढच्या जागेची जबाबदारी तिचीही होती. तिनं खाली आपली सही केली.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ देशभर फिरला. कंपनीनं 'आमच्या सतर्क कर्मचाऱ्यांचा अभिमान' असं जाहीर केलं. हिरामणला दोन रात्री कोठडीत काढाव्या लागल्या. मग जामीन झाला, विमानप्रवासाला बंदी आली, आणि विमान अपहरणाच्या प्रयत्नाचा खटला त्याच्या नावावर लागला.

सुरभी उडत राहिली. पण स्वच्छतागृहाच्या दारावर कुणी टकटक केली की ती हातातला कप खाली ठेवून तिकडे वळायची. जबाबावर म्हाताऱ्याचा पत्ता होता, तो तिच्या डोळ्यांपुढून जाईना. मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशी 'पेणला मैत्रिणीकडे जाते' असं घरी सांगून ती रोह्याहून एसटीत बसली आणि वडखळला उतरली. तिथून रिक्षा खाडीच्या बांधावरून निघाली. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, त्यांच्या कडेला पांढरे ढीग, आणि डोळे उघडू न देणारं ऊन.

गावाच्या तोंडाशी तिनं एकाला हिरामणचं घर विचारलं.

"कंचा हिरामन? इमानवाला?" तो हसला आणि दुकानात बसलेल्याला म्हणाला, "ए, हायजॅकरकडं पावनी आयली!" मग बोटानं शेवटचं घर दाखवलं.

अंगणात एक बाई सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. ती हिरामणची बायको, सगुणा. तिनं वर बघितलं, बघतच राहिली.

"तू तीच ना गो? बॅनरवाली?"

सुरभीनं मान हलवली.

"आमची भाची दिलेय अष्टमीला. तिनं फोटो धाडला." सगुणानं तिला बस म्हटलं नाही. "आता कशाला आयलीस? यांचा पन फोटो काढायला?"

"मावशी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"तू आत व्हतीस," सगुणा म्हणाली. "मना ठाव हाय."

सुरभी उन्हातच खाली बसली.

"त्यानं बगलं तुना दार उघडून भायेर येताना. एका पायान बूट, एक पाय उघडा. खाली पारलेला मानूस दुसरं काय बगनार? पायच बगनार."

"मग त्यांनी पोलिसांना का नाही सांगितलं?"

"मी पन ह्येच इचारलं. कोठडीतशी आयला तवापासून इचारतंय." सगुणानं सूप आपटून खाली ठेवलं. "तं म्हनतो, पोरीची जात. संडासान बसली व्हती असं चार बाप्यांम्होरं कसं सांगू? तिला लाज नाय वाटनार?" ती कोरडं हसली. "तुजी लाज राखायला गेला नि स्वताची घालवून आयला. सगल्या देशानं बगलं त्याला मुतताना. माज्या नातवानं बगलं मोबाईलवर. पोरगा निलेश गल्फला जानार व्हता, त्याचे कागद अडले. पोलीस बोलतात, बापावर असला गुना हाय. आन तुना शाल!"

तेवढ्यात बांधावरून हिरामण आला. खांद्यावर मिठाची फावडी, गुडघ्यापर्यंत पाय पांढरे झालेले. जानेवारीपेक्षा तो निम्मा दिसत होता. अंगणात कोण बसलंय ते त्यानं डोळ्यांवर हात धरून न्याहाळलं.

"रोह्याची बाय!" तो म्हणाला. "उन्हान का बसलीस? सगुना, पानी दे गो तिला." मग फावडी भिंतीला टेकवून त्यानं विचारलं, "टाच बरी जाली काय तुजी? पार सोललीवती."

सुरभीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

सगुणानं पाण्याचे दोन तांबे आणले. एक सुरभीपुढे ठेवला, दुसरा त्याच्यापुढे धरला. त्यानं नुसते ओठ ओले केले आणि परत दिला.

"बग. ह्यो आसा," सगुणा म्हणाली. "सकालधरनं पानी नाय पीत. पानी पिलं तं जावं लागंल, म्हनतो. एवढ्या उन्हान. चार लोकान मोरीला उठायची भीती बसलेय त्याला."

"गप गो," हिरामण ओशाळून म्हणाला.

"आजोबा, मी सांगणार आहे," सुरभी कशीबशी म्हणाली. "कोर्टात सांगणार आहे, खरं काय झालं ते."

"सांग ना. सवडीनं सांग, बाय."

"सवडीनं!" सगुणा फणकारली आणि सूप उचलून घरात गेली.

सुरभी त्याच दुपारी पेणला गेली. हिरामणचं वकीलपत्र प्रणित नावाच्या तरुण वकिलाकडे होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे लिहून दिलंत तर त्यांचा खटला जवळपास उभाच राहत नाही. पण तुमची नोकरी जाईल. खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरही शेकू शकतं. आज सही करू नका. विचार करून या."

तो असं म्हणाला नसता तर तिनं तिथल्या तिथं सही केली असती. पण विचार करायला म्हणून ती परतली आणि विचारानं पाय मागे ओढले. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत तिनं सात फेऱ्या केल्या, सातही वेळा पिंकीला फोन केल्याशिवाय जागा सोडली नाही. बाराव्या दिवशी ती पेणला जाऊन सही करून आली.

आठवडा उलटायच्या आत कंपनीनं तिला काढून टाकलं. कार्यालयातल्या त्याच बाईंनी पत्र दिलं. त्यांना म्हणे तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. रोह्यात बातमी पोचायला दोन दिवस लागले. गणेशनं घरी येऊन ते सोनेरी विमान परत मागितलं नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. वरशात मात्र ज्यानं त्यानं हैबतरावांना गाठून विचारलं, "काय हो, मग शाल कशाबद्दल होती?"

हैबतराव तीन दिवस मुलीशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, "बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. नायतर कधीच नाय. असं मधीच बोलून कुणाचंच भलं झालं नाय."

"अहो, जेवतेय ती," हौसाबाई म्हणाल्या.

"जेवू दे. मी काय खोटं बोललो?"

खटल्याची तारीख जूनच्या नऊला लागली होती. त्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सगळं बोलायचं, आणि मग वडिलांना उत्तर द्यायचं, असं तिनं ठरवलं. काय बोलायचं ते तिनं वहीत लिहून काढलं आणि रोज सकाळी परसात वालाच्या वाळल्या वेलांशेजारी उभं राहून म्हणून बघितलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात हिरामण मिठागरात काम करता करता वाफ्यातच बसला आणि आडवा झाला. अलिबागला नेईपर्यंत बोलत होता. दुसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात पाणीच उरलं नव्हतं, दोन्ही मूत्रपिंडं बसली होती.

तेराव्यानंतर प्रणितनं सगुणाला पेणला बोलावलं. सुरभीलाही त्यानंच कळवलं. ती पोचली तेव्हा सगुणा खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. गळा मोकळा, कपाळ मोकळं. निलेश तिच्यामागे भिंतीला टेकून उभा होता.

"मावशी, आरोपीच हयात नसला की खटला पुढे चालत नाही," प्रणित जपून जपून सांगत होता. "तिथंच थांबतो. मी मृत्यूचा दाखला कोर्टात दिलाय. नऊ तारखेला यायची आता कुणालाच गरज नाही."

"म्हंजी सुटला काय तो?"

"केस संपली, मावशी."

"संपली नको. सुटला काय, ते सांगा."

प्रणितनं सुरभीकडे बघितलं, मग टेबलाकडे. "निर्दोष, असं लिहून येणार नाही. दोषी, असंही नाही."

"मंग काय लिवनार?"

"आरोपी मयत."

पंख्याखाली टेबलावरचे कागद फडफडत होते. निलेश खाली मान घालून बाहेर निघून गेला.

"बाय," सगुणा एकदम सुरभीकडे वळली. मार्चमधल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती. "कोर्टान तू काय बोलनार व्हतीस?"

"जे खरं झालं ते."

"पाठ केलंवतस?"

"हो."

"मंग चल."

पेणहून वडखळपर्यंत एसटीत दोघी शेजारी बसून आल्या. गावात पोचल्या तेव्हा चार वाजले होते. पाऊस तोंडावर आल्यानं मीठ उचलायची घाई चालली होती. चहापुरत्या परतलेल्या बायका देवळासमोर घमेली उपडी घालून त्यांवर बसल्या होत्या. बाप्ये ओट्यावर होते. सुरभीला रस्ता दाखवणारा तो माणूसही त्यांच्यात होता. सगुणाला बघून बोलणी थांबली. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती.

"ही पोरगी इमानान व्हती," सगुणा म्हणाली. "ती सांगंल ते आयका."

ती बसली नाही. कुणीतरी सरकून जागा केली, तरी ती सुरभीच्या बाजूला पदर खोचून उभी राहिली.

विमानात दीडशे माणसांना पट्टे बांधायला सांगताना सुरभीचा आवाज कधी अडखळला नव्हता. इथं पंचवीस-तीस माणसं होती. घामेजलेले, मिठानं पांढुरके झालेले चेहरे. पाठ केलेलं सगळं तिला जसंच्या तसं आठवत होतं, पण ते कोर्टासाठी होतं, 'मी प्रतिज्ञापूर्वक' असं सुरू होणारं. तिनं ते सोडून दिलं.

"त्या दिवशी माझी टाच सोलली होती," ती म्हणाली. "म्हणून मी जागा सोडून मोरीत जाऊन बसले. आजोबा आले तेव्हा आत मी होते..."

मागे ओट्यावर कुणीतरी "काय म्हनते?" म्हणून शेजाऱ्याला विचारलं. कुणी खाकरलं. सुरभीचा आवाज आणखी खाली गेला.

सगुणानं तिच्या दंडाला धरलं.

"मोठ्यानं बोल गो," ती म्हणाली. "मागच्यांना आयकू नाय जात."

सुरभीनं घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.